वाट दाखवणाऱ्यांची आई

गाइड डॉगविषयी लिहिताना बहुतेक जण हार्नेसपासून सुरुवात करतात. हार्नेसचा ताठ दांडा अंध माणसाच्या डाव्या हातात असतो आणि गजबजलेल्या चौकातून दोघं बिनचूक चालत जातात. हे दृश्य भारावून टाकणारं आहेच. पण त्याच्याही आधी एक कुत्री असते. तिच्या अंगावर हार्नेस कधीच चढत नाही. एखाद्या साध्या कुटुंबात, स्वयंपाकघराच्या दाराशी पाय ताणून ती पडलेली असते.

ती कुठे कमी पडली म्हणून तिला हार्नेस मिळाला नाही, असं कुणाला वाटेल. खरं तर उलट आहे. सांभाळणाऱ्या कुटुंबांत वर्ष-सव्वा वर्ष वाढून पिल्लं संस्थेत परत येतात, तेव्हा त्यांची कसून पारख होते. खुबे, कोपरे, डोळे, हृदय, कातडी हे सगळं आधी तपासतात आणि मग स्वभावाकडे वळतात. अचानक मोठा आवाज झाल्यावर ती किती वेळात सावरते? अनोळखी जिन्यासमोर थबकते की चढून पाहते? दुसऱ्या कुत्र्याला पाहून भान हरपते का? या सगळ्यांत अव्वल ठरणाऱ्या मोजक्या माद्या प्रशिक्षणातून बाजूला काढून पैदाशीसाठी राखल्या जातात. म्हणजे बहुधा उत्तम गाइड झाली असती ती कुत्रीच गाइड होत नाही. गाइड झाली असती तर तिने एका माणसाला काही वर्षं साथ दिली असती. आता चार वेतं आणि वेताला सात पिल्लं धरली, तर ती 28 पिल्लांची आई होते. या सगळ्या व्यवस्थेतला मोठा त्याग मला इथे दिसतो, आणि त्याची दखल फार थोडे लोक घेतात.

माद्या राखायची ही पद्धत पूर्वी नव्हती. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्गला 1916 साली डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी गाइड डॉग घडवणारी शाळा काढली, आणि 1923 मध्ये पॉट्सडॅमला दुसरी मोठी शाळा निघाली. त्या काळात डॉरथी हॅरिसन यूस्टिस ही अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’ नावाच्या जागी जर्मन शेफर्डची पैदास करत होती. कुत्र्यांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवणारं देखणं जनावर तिला नको होतं. काम करणारं हवं होतं. ही कुत्री पोलिसांकडे आणि सैन्याकडे जात. पॉट्सडॅमची शाळा पाहून तिने ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’च्या 5 नोव्हेंबर 1927 च्या अंकात लेख लिहिला. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाच्या कानावर तो पडला आणि त्याने तिला पत्र धाडलं. 1928 मध्ये तो स्वित्झर्लंडहून बडी ही कुत्री घेऊन परतला, आणि जानेवारी 1929 मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. तिचा मुक्काम आज न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला आहे. गावातल्या हिरवळीवर फ्रँक आणि बडीचा पुतळाही आहे.

इंग्लंडमध्ये 1931 साली म्युरिएल क्रूक आणि रोझामंड बाँड या दोघींनी वॉलसीमधल्या एका भाड्याच्या गॅरेजातून काम सुरू केलं. ज्यूडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा ही त्यांची पहिली चार कुत्री. दोन्ही देशांत पुढची कित्येक वर्षं बहुतेक कुत्री विकत घेतलेली किंवा कुणीतरी दान दिलेली असत. कुणाच्या घरात, कुठल्या आईपोटी ती जन्मली, याचा पत्ता नसे. कॅलिफोर्नियातल्या ‘गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड’ या संस्थेत क्लॅरेन्स फाफेनबर्गर 1946 पासून पिल्लांच्या चाचण्या घेऊ लागले. आधी शंभरात जेमतेम नऊ कुत्री प्रशिक्षण पुरं करत, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. स्वतःची पैदास, निवड आणि पिल्लांना वेळेवर घरात पाठवणं यांच्या जोरावर पुढच्या दशकभरात हे प्रमाण कुठल्या कुठे गेलं. त्यांनी आणि जॉन पॉल स्कॉट यांनी 1959 मध्ये एक मोलाची गोष्ट मांडली: चाचणीत चांगली ठरलेली पिल्लंसुद्धा त्यानंतर काही आठवडे केनेलमध्येच राहिली, तर पुढे मोठ्या प्रमाणात नापास होतात. रक्त चांगलं असूनही घराचा सहवास उशिरा मिळाला, की काम बिघडतं. ब्रिटनमध्ये क्रूक आणि बाँड यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या संस्थेत डेरेक फ्रीमन यांनी 1956 मध्ये पिल्लं कुटुंबांत वाढवण्याची योजना सुरू केली. नंतर संस्थेची स्वतःची पैदासही सुरू झाली.

मग पिल्लांना घर लागतं, तर आईला का नको? आज बऱ्याच मोठ्या संस्थांत पैदाशीच्या माद्या वर्षभर केनेलमध्ये नसतात, स्वयंसेवकांच्या घरी राहतात. मालकी संस्थेची असते. दाणापाणी आणि डॉक्टरचा खर्चही बहुधा संस्थाच उचलते. घराची अट मात्र एक आहे, ते केंद्राच्या जवळ हवं. ब्रिटिश संस्थेचं पैदास केंद्र लेमिंग्टन स्पाजवळ आहे, म्हणून अशी कुटुंबंही त्याच टापूतली. बाळंतपण कुठे व्हावं याबाबत मात्र रिवाज वेगळे आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या ‘गायडिंग आइज’ची मादी दिवस भरत आले की पॅटरसनच्या केंद्रात जाते. सहायक कुत्री घडवणाऱ्या ‘कनाइन कम्पॅनियन्स’ची मादी सांभाळणाऱ्याच्याच घरी विते. ब्रिटनमध्येही आता घरीच विण्यावर भर आहे.

हे घरपण वरकरणी सोपं वाटतं. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, आणि ते तीनेक आठवडे तिला मोकळं सोडता येत नाही. दर एक-दोन दिवसांनी रक्त तपासून प्रोजेस्टेरॉन पाहतात, कारण बीज सुटण्याचा दिवस हाती लागला तरच पुढचा हिशेब जमतो. त्या दिवसापासून 63 दिवसांच्या आसपास ती विते. नर कुणाचा, कुठला, हे संस्था ठरवते. कधी गोठवलेलं वीर्य दुसऱ्या देशातून येतं. चौथ्या आठवड्यात सोनोग्राफीत पिल्लं दिसतात आणि शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढून त्यांचे कणे मोजतात. आत किती आहेत हे ठाऊक नसेल, तर शेवटचं बाहेर आलं की नाही हे रात्री दोन वाजता कसं कळणार?

दिवस भरले की घरच्यांच्या हातात थर्मामीटर येतो. प्रोजेस्टेरॉन उतरलं की अंगाचं तापमान 37 अंशांच्या आसपास घसरतं आणि बहुधा चोवीस तासांच्या आत कळा सुरू होतात. मादी अन्न नाकारते, धापा टाकते, अंथरूण उकरते. तिच्यासाठी लाकडी चौकट मांडलेली असते आणि त्या चौकटीच्या चारही बाजूंना आतून आडवी पट्टी ठोकलेली असते. आईने अंग टाकलं तर मागे सापडलेलं पिल्लू त्या पट्टीखालच्या फटीत वाचतं. पिल्लागणिक वार पडली का हे मोजायचं, वेळ टिपायची, रंगीत फीत बांधायची, वजन करायचं. लॅब्रॅडॉरचं नवं पिल्लू जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅमचं. डोळे मिटलेले, कान बंद, आणि स्वतःचं अंग ऊबदार ठेवण्याचीही ताकद नाही. आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही. पहिल्या दिवसाचा चीक पोटात गेला नाही, तर रोगाशी झगडण्याची आईकडची शिदोरी कायमची हुकते. म्हणून कुणाला सड मिळत नाही, कुणाला भाऊ ढकलून देतोय, याकडे घरातलं माणूस रात्रभर डोळ्यांत तेल घालून पाहतं. आपल्याकडे गाय-म्हैस विण्याच्या रात्री गोठ्यात जागलेल्यांना ही रात्र सांगावी लागणार नाही. वजन रोज वाढलं पाहिजे, आठ-दहा दिवसांत दुप्पट झालं पाहिजे. ते थबकलं की डॉक्टरला फोन.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, मग कान. तिसऱ्या आठवड्यापासून घराची खरी देणगी सुरू होते. मिक्सरचा आवाज, दाराची बेल, कुकरची शिट्टी, घसरडी फरशी, लहान मुलाची धावपळ, चष्मा आणि टोपी घातलेला पाहुणा. उद्या रेल्वे स्थानकावर न डगमगता उभं राहायचं असेल, तर आज या सगळ्याची सवय झाली पाहिजे. ब्रिटिश संस्थेत हेलन व्हॅटरलॉझ-व्हाइटसाइड आणि अमांडीन हार्टमन यांनी 2017 मध्ये याची तपासणी प्रसिद्ध केली. काही पिल्लांना पहिले सहा आठवडे रोज काही मिनिटं जादा स्पर्श, आवाज, वस्तू आणि माणसं दिली. आठ महिन्यांची झाल्यावर ती इतर पिल्लांपेक्षा अधिक स्थिर आढळली. काही मिनिटांचा एवढा परिणाम, तर अख्खं घर म्हणजे काय!

पण आईने किती माया करावी? इथे संशोधनाने मला सर्वांत जास्त विचारात पाडलं. एमिली ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द सीइंग आय’च्या 23 माद्या आणि त्यांची 98 पिल्लं यांचा पाठपुरावा केला. पिल्लांच्या पहिल्या आठवड्यांत आई किती वेळ त्यांच्यात असते, किती चाटते, कशी पाजते, हे चित्रीकरणातून मोजलं. मग पिल्लं मोठी होऊन गाइड झाली की गळाली, ते पाहिलं. 2017 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की सतत पिल्लांभोवती घुटमळणाऱ्या आयांची पिल्लं गळण्याची शक्यता जास्त. आडवं पडून पाजणाऱ्या आईपेक्षा उभ्याने किंवा बसून पाजणाऱ्या आईची पिल्लं अधिक यशस्वी. आई उभी असली की पिल्लाला सडापर्यंत धडपड करून पोचावं लागतं आणि मध्येच ती निघूनही जाते. दूध मिळतं, पण थोडे कष्ट करून.

यावरून ‘माया कमी करा’ असा सल्ला काढणं घाईचं ठरेल. मुळातच चिंताळू असलेली आई जास्त घुटमळत असेल आणि तीच चिंता रक्तातून पिल्लांत उतरत असेल, हे या संशोधकांनीही मान्य केलं आहे. शिवाय स्वीडिश सैन्याच्या जर्मन शेफर्डवर पेर्निला फोयर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये केलेल्या अभ्यासाचा सूर वेगळा आहे. तिथे जास्त निगा मिळालेली पिल्लं मोठेपणी माणसांशी आणि वस्तूंशी अधिक जोमाने भिडत होती. सैन्याला जे हवं तेच अंध माणसाला हवं असेल असं नाही. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की आईला पिल्लांपासून उठून जायची मोकळीक हवी. चौकटीतून बाहेर पडून तिने सोफ्याच्या मागे डुलकी काढावी, अंगणात फिरावं आणि आपल्या मर्जीने परत यावं. भल्या घरात हे आपसूक घडतं.

लॅब्रॅडॉर मादी सांभाळणाऱ्यांना आणखी एक झगडा रोजचा, तिची भूक. केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवलं, की बऱ्याच लॅब्रॅडॉरांच्या पीओएमसी या जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. घरगुती लॅब्रॅडॉरांत हे प्रमाण साधारण चौथाई होतं. सहायक कुत्र्यांच्या पैदाशीतल्या लॅब्रॅडॉरांत ते 76 टक्के निघालं! खाऊच्या लालसेने शिकणारं कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या निवडलं गेलं आणि भूक नकळत सोबत आली. म्हणून पाजती असताना तिला भरपूर द्यायचं, पिल्लं सुटली की हात आखडायचा, आणि ती केविलवाण्या डोळ्यांनी बघत राहिली तरी विरघळायचं नाही.

या निवडीने मोठं भलंही केलं आहे. ‘द सीइंग आय’मध्ये एल्डिन लेटन यांनी खुब्याच्या सांध्याच्या विकारावर काम केलं. फक्त त्या कुत्रीचे खुबे न पाहता तिच्या भावंडांची, पिल्लांची आणि नातेवाइकांची माहिती एकत्र करून पैदासमूल्य काढलं. पाचापेक्षा कमी पिढ्यांत जर्मन शेफर्डांतलं विकाराचं प्रमाण 55 वरून 24 टक्क्यांवर आणि लॅब्रॅडॉरांतलं 30 वरून 10 टक्क्यांवर आलं. माणसाकडे बघण्याची ओढसुद्धा बरीचशी जन्मजात असते. ‘कनाइन कम्पॅनियन्स’च्या 375 पिल्लांवर ब्रे यांनीच केलेल्या 2021 च्या अभ्यासात, आठ आठवड्यांच्या पिल्लांनी माणसाच्या बोटाचा रोख ओळखला, आणि त्यांच्यातल्या फरकाचा चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा आनुवंशिक निघाला.

सात-आठ आठवड्यांनी पिल्लं जातात. हे क्रूर आहे का, असं वाचकाला वाटणं साहजिक आहे, मलाही वाटलं होतं. पण तोवर पिल्लांना सुईसारखे दात आलेले असतात, आई पाजायला टाळाटाळ करत असते, आणि पिल्लांच्या मनाची माणसांच्या जगासाठी उघडी असलेली खिडकी बाराव्या आठवड्याच्या सुमारास मिटू लागणार असते. उशीर केला, तर नुकसान पिल्लांचंच. घरातल्यांना मात्र ही पाठवणी जड जाते. पुढच्या माजापर्यंत आईला पुरती विश्रांती मिळते. काही वेतांनंतर तिचं गर्भाशय काढतात आणि बहुतेक संस्था सांभाळणाऱ्या कुटुंबालाच ती कायमची देऊ करतात.

आपल्या देशात गाइड डॉग जवळजवळ दिसतच नाहीत. उखडलेले पदपथ आणि रस्त्यावरची भटकी कुत्री ही कारणं खरी आहेत. पण चांगला प्रशिक्षक आणला की काम होईल, हा समज मला अपुरा वाटतो. प्रशिक्षकाच्या मागे खुब्यांच्या नोंदी लागतात, पिल्लं वाढवणारी घरं लागतात, आणि त्यांच्याही मागे माजाच्या तारखा लिहून ठेवणारं, पहाटे तीनला किती वार पडल्या ते मोजणारं एखादं कुटुंब लागतं.

त्या कुटुंबाच्या कामावर किती अवलंबून असतं, ते 2020 मध्ये दिसलं. महासाथीमुळे ब्रिटिश संस्थेने पैदास काही महिने थांबवली. तेव्हा कामावर असलेल्या गाइड डॉगांना त्याने काहीच झालं नाही. पण पिल्लाचा गाइड व्हायला दोनेक वर्षं लागतात. टाळेबंदी उठल्यावर, दुकानं आणि कचेऱ्या पूर्ववत झाल्यावर, जुनं कुत्रं निवृत्त झालेल्या अंध माणसांना नव्यासाठी फार काळ वाट पाहावी लागली, कारण 2020 च्या वसंतात जी पिल्लं जन्मायला हवी होती ती जन्मलीच नव्हती.