छिद्रपट्टीने होणारे वायुप्रवाहमापन आणि दाबातील बदल

हातकणंगले तालुक्यात दोन उद्योग असे आहेत की ज्यांत हवा हाच एक कच्चा माल मानावा लागतो. पुलाची शिरोली येथील ओतशाळांपैकी जेथे क्यूपोला भट्टी चालते, तेथे कोक जाळण्यासाठी ब्लोअरने हवा फुंकावी लागते. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला. त्याच गावी आता एअरजेट मागांवर आडवा धागा हवेच्या झोताने पलीकडे नेला जातो. दोन्ही ठिकाणी किती हवा खर्च झाली हे मोजण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे नळीत आडवी बसविलेली, मध्यभागी तीक्ष्ण कडेचे भोक असलेली छिद्रपट्टी होय. साधन एकच; परंतु दाब बदलल्याने त्याच्या वाचनात येणारी चूक मात्र दोन्हीकडे अगदी निराळ्या स्वरूपाची असते.

छिद्रपट्टी प्रवाह प्रत्यक्ष मोजीत नाही. ती केवळ दाबांतर दाखविते. भोकातून जाताना वायूचा वेग वाढतो आणि दाब घटतो. ही घट वेगाच्या वर्गाच्या व घनतेच्या प्रमाणात असते. त्यावरून दोन निष्कर्ष निघतात. प्रत्यक्ष घनफळाचा प्रवाह दाबांतरास घनतेने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, तर वस्तुमानाचा प्रवाह त्या दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे दाबांतर तेच राहून नळीतील दाब उतरला, तर घनफळ वाढते आणि वस्तुमान घटते. ‘दाब कमी झाल्यास मापक जास्त दाखवितो की कमी?’ या प्रश्नास, मापक काय दाखविण्यासाठी आखला आहे हे सांगितल्यावाचून उत्तरच नाही. प्रमाण अवस्थेतील घनमीटर हे वस्तुमानाचेच दुसरे नाव असल्यामुळे पुढील विवेचन वस्तुमानास धरून केले आहे.

घनता निरपेक्ष दाबाच्या सम आणि निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. दाबमापकाचा काटा मात्र भोवतालच्या वातावरणापेक्षा दाब किती अधिक आहे एवढेच सांगतो. समुद्रसपाटीस वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १.०३३ किलोग्रॅम असतो. हा भाग समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे तो ०.९६७ च्या, म्हणजे पाऱ्याच्या ७११ मिलिमीटरच्या, आसपास भरतो.

आता भट्टीचे उदाहरण घ्यावे. फुंकीचा दाब पाण्याच्या १००० मिलिमीटर उंचीइतका, म्हणजे ०.१ किलोग्रॅम, आहे असे धरू. समुद्रसपाटीसाठी आखलेला तक्ता निरपेक्ष दाब १.१३३ समजतो, शिरोलीस तो १.०६७ आहे. या गुणोत्तराचे वर्गमूळ ०.९७ येते, म्हणजे तक्ता दाखवितो त्यापेक्षा हवा ३ टक्के कमी. तक्ता १५ अंश सेल्सिअसचा आणि फुंकीची हवा ४० अंशांची असल्यास आणखी ४ टक्के कमी. एकंदर तूट ७ टक्के. एक किलोग्रॅम कार्बन पूर्णपणे जाळण्यास सुमारे ११.५ किलोग्रॅम हवा लागते, तेव्हा ही तूट उपेक्षणीय नव्हे: कोकचे ज्वलन मंदावते, वितळण्याचा वेग उतरतो आणि दोष मात्र कोकच्या प्रतीस दिला जातो. याउलट खुद्द फुंकीचा दाब ०.०८ वरून ०.१२ पर्यंत चढला तरी त्यामुळे पडणारा फरक २ टक्क्यांहूनही थोडा आहे. तात्पर्य, भट्टीवर लक्ष ठेवावयाचे ते दाबमापकापेक्षा बॅरोमीटर आणि तापमापक यांवर.

मागांच्या कारखान्यात परिस्थिती नेमकी उलट असते. मापक ७ किलोग्रॅम दाबासाठी आखलेला असून माग भरात चालू असताना नळीतील दाब ६ वर आला, तर निरपेक्ष दाब ७.९६७ ऐवजी ६.९६७ होतो. मापक १०० दाखवितो तेव्हा खरा प्रवाह ९३.५ असतो. येथे उंचीचा परिणाम अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. मात्र निरपेक्ष दाबाऐवजी ६ आणि ७ यांचेच गुणोत्तर घेतल्यास उत्तर ९२.६ येते, एक चूक सुधारताना दुसरी पदरी पडते. दाब छिद्रपट्टीच्या अलीकडील बाजूस मोजावा, हेही पाळले पाहिजे. प्रसरण गुणांकातील बदल या उदाहरणात फारच अल्प असतो. पाण्याच्या २५०० मिलिमीटर दाबांतरास आणि नळीच्या ०.६ पट व्यासाच्या भोकास तो ०.९९१ वरून ०.९९० एवढाच सरकतो.

गळती मोजताना तर दोन भोकांचे दोन नियम एकत्र येतात. माग बंद ठेवून ७ किलोग्रॅम दाबास मोजलेली गळती २० आली, आणि माग चालू असताना मापकाने १०० दाखविले, तर गळती २० टक्के असे सहज म्हटले जाते. परंतु गळक्या सांध्यातून सुटणारी हवा एवढ्या दाबास ध्वनीच्या वेगाने बाहेर पडते; तिचे वस्तुमान वर्गमुळाच्या नव्हे, तर थेट निरपेक्ष दाबाच्या प्रमाणात बदलते. ६ किलोग्रॅम दाबास ती १७.५ उरते. खरा प्रवाह ९३.५ असल्याने गळती १८.७ टक्के ठरते.

येथवर दाबाचे बदल संथ मानले आहेत. दट्ट्याच्या कॉम्प्रेसरजवळ ते क्षणाक्षणाला होतात, आणि तेथे घनतेची दुरुस्ती उपयोगी पडत नाही. दाबांतर ५० व १५० यांमध्ये समप्रमाणात हेलकावत असेल, तर मंदगती मापक सरासरी १०० धरून त्याचे वर्गमूळ १० देतो. वस्तुतः दोन्ही वर्गमुळांची सरासरी ९.६६ आहे. वाचन साडेतीन टक्क्यांनी अधिक येते, आणि ते नेहमी अधिकच येते. काटा स्थिर दिसावा म्हणून मापकाच्या नळ्या आवळण्याची रूढी आहे. तिने काटा स्थिरावतो, चूक तशीच राहते. छिद्रपट्टी हवेच्या टाकीच्या पलीकडे, मागांच्या बाजूस बसविणे हाच त्यावर उपाय आहे.