पित्ताशयाचा कर्करोग : वेळीच ओळख आणि योग्य उपचारकेंद्र

पित्ताशय ही यकृताखाली असलेली, पित्त साठवणारी लहानशी पिशवी होय. तिचा कर्करोग देशात सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळत नाही. उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल व आसाम या भागांत तो अधिक दिसतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो.

बहुतेक रुग्णांच्या पित्ताशयात खडे सापडतात. म्हणून खडे असलेल्या प्रत्येकाने घाबरून जाऊ नये. त्यांपैकी बहुसंख्य व्यक्तींना हा रोग कधीच होत नाही. मात्र सोनोग्राफीच्या अहवालात 3 सेंटिमीटरहून मोठा खडा, 1 सेंटिमीटरहून मोठा पॉलिप किंवा पित्ताशयाची एखाद्या ठिकाणी जाड झालेली भिंत नमूद असल्यास शल्यचिकित्सकाचा सल्ला अवश्य घ्यावा.

आरंभी हा रोग सहसा लक्षणे दाखवीत नाही. पुढे उजव्या बरगडीखाली दुखणे, अन्नावरील वासना जाणे, वजन घटणे, अंगाला खाज सुटून कावीळ होणे असे त्रास उद्भवतात. कावीळ उतरविण्यासाठी माळ घालण्यात किंवा झाडपाल्याचे औषध घेण्यात आठवडे निघून जातात, आणि नेमका तोच काळ मोलाचा असतो. कावीळ झाल्यास रक्ततपासणी व सोनोग्राफी विनाविलंब करून घ्यावी.

खड्यांसाठी पित्ताशय काढले असल्यास ते सूक्ष्मदर्शी तपासणीसाठी पाठविले काय, हे रुग्णालयास आवर्जून विचारावे व तो अहवाल जपून ठेवावा. अनेकांचा कर्करोग याच तपासणीत प्रथम उघडकीस येतो. तो आतील अस्तरापुरताच असेल, तर झालेली शस्त्रक्रिया बहुधा पुरेशी ठरते. त्याहून खोल गेला असल्यास यकृताचा लगतचा भाग व लसीकाग्रंथी काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. शस्त्रक्रियेपूर्वीच संशय असल्यास घाईने दुर्बिणीतून पित्ताशय काढून घेऊ नये. पित्त सांडल्यास रोग पोटात पसरण्याचा धोका असतो. आधी सीटी स्कॅन व तज्ज्ञांचे मत घ्यावे.

यकृत व पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया नियमितपणे होणाऱ्या केंद्रातच जाणे हिताचे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, वाराणसीतील त्याची केंद्रे, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, लखनौची संजय गांधी स्नातकोत्तर संस्था व गुवाहाटीची डॉ. भुवनेश्वर बरुआ कर्करोग संस्था येथे ही सोय आहे. जाताना सर्व अहवाल, स्कॅनच्या सीडी आणि तपासणीच्या काचपट्ट्या व ब्लॉक सोबत न्यावेत. त्यावाचून पुष्कळांना परत फिरावे लागते. शस्त्रक्रिया शक्य नसली तरी केमोथेरपी, कावीळ कमी करण्यासाठी पित्तमार्गात बसविली जाणारी नळी आणि वेदनाशमन हे उपचार उपलब्ध असतात.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. पात्रतेची व जवळच्या रुग्णालयाची माहिती 14555 या निःशुल्क क्रमांकावर विचारावी.