एकच पेटी, दोन आवाज : गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घेताना आणि विकताना

वाद्यांच्या धंद्यात गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर हा मोठ्या रकमेचा माल. त्यात गिऱ्हाईकाचा पैसा गुंततो आणि दुकानदाराची पत पणाला लागते. बहुतेक तरुणांची मागणी ठरलेली असते. साठ-सत्तरच्या दशकातला जुना रॉक वाजला पाहिजे आणि मेटलचा जाड, फाटलेला आवाजही त्याच पेटीतून निघाला पाहिजे. अशा वेळी पुष्कळ दुकानदार सर्वांत जास्त वॉटची पेटी पुढे सरकवतात. काही दिवसांनी ती परत येते आणि गिऱ्हाईक कायमचे तुटते. हे टाळायचे असेल तर हे दोन आवाज तयार कसे होतात, ते आधी समजून घेतले पाहिजे.

एका दुकानदाराची कहाणी

या आवाजाचा जन्मच मुळी एका दुकानात झाला. जिम मार्शल हे व्यवसायाने ड्रमवादक. त्यांनी 1960 मध्ये पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचे दुकान थाटले. ड्रमवाल्यांबरोबर गिटारवाले येऊ लागले. त्यांना हवा तसा आवाज बाजारात मिळत नव्हता आणि अमेरिकेहून येणारे फेंडर कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर फार महाग पडत. मार्शल यांनी त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले. दुकानातील दुरुस्ती कारागीर केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन हा तरुण तंत्रज्ञ यांना हाताशी धरून त्यांनी फेंडरच्या ‘बासमन’ या नमुन्यावरून 1962 च्या सुमारास आपला ‘जेटीएम 45’ तयार केला. वेगळे व्हॉल्व्ह आणि मागून बंद असलेल्या पेटीतले 12 इंची सेलेशन स्पीकर यांमुळे त्याचा आवाज मूळ नमुन्याहून जाड आणि करकरीत निघाला. पुढे हेच नाव जगभर झाले. गिऱ्हाईकाचे ऐकणे हेच त्यांचे खरे भांडवल होते.

दोन आवाजांतला फरक

आपल्या मिरजेच्या सतारमेकर कारागिरांना हा विषय लवकर कळेल. घोडीवर कानस चालवून ते जवारी काढतात, तेव्हा तारेच्या मूळ सुरात ते जाणूनबुजून वरचे स्वर मिसळत असतात. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हेच काम व्हॉल्व्ह करतो. त्याच्या ताकदीबाहेर सिग्नल गेला की लाटेचे टोक कापले जाते आणि सुरात नवे स्वर मिसळतात.

जुन्या रॉकच्या आवाजात हे कापणे बऱ्याच अंशी शेवटच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हमध्ये होते. त्यासाठी पेटी मोठ्याने चालवावी लागते. मेटलच्या आवाजात सुरुवातीच्या टप्प्यातच छोटे व्हॉल्व्ह एकापुढे एक लावून सिग्नल अनेकदा कापला जातो आणि मग ‘मास्टर व्हॉल्यूम’ने एकूण आवाज आवरला जातो. मार्शलने ही मास्टर व्हॉल्यूमची सोय 1975 मध्ये आणली, तर 1981 मध्ये ‘जेसीएम 800’ ही प्रसिद्ध मालिका काढली. 1992 मध्ये पीव्ही कंपनीचा ‘5150’ आला, त्यात कापण्याची ताकद आणखी वाढवलेली होती.

म्हणून दोन्ही आवाज हवे असणाऱ्याने दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर पाहावा. दोन्ही चॅनेलना स्वतंत्र मास्टर व्हॉल्यूम आणि शक्यतो स्वतंत्र टोनची बटणे असावीत. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या धाटणीचा मास्टर व्हॉल्यूमवाला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन त्याच्यापुढे ओव्हरड्राइव्हचे पेडल लावणे. पेडल खालचे सूर थोडे छाटते, त्यामुळे जाड आवाजही घट्ट राहतो.

दुकानात घ्यावयाच्या परीक्षा

1. जुन्या रॉकच्या चॅनेलवर आवाज थोडा फाटेल इतपत गेन ठेवा आणि गिटारचे व्हॉल्यूम बटण कमी करा. आवाज साफ होत गेला तर पेटी चांगली.
2. मेटलच्या चॅनेलवर तळहाताने तार दाबून जाड तार छेडा. प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला पाहिजे. गाळासारखा लगदा झाला तर पेटी नको.
3. हात तारांवरून काढून फुसफुस ऐका. जास्त गेनला थोडी फुसफुस असतेच, पण मेनची घरघर मोठी असेल तर चौकशी करा.
4. हे सारे घरच्या हलक्या आवाजावर पुन्हा करा. गिऱ्हाईक बहुतेक वेळ घरातच वाजवणार आहे.

वॉटचा हिशेब

100 वॉटची पेटी 50 वॉटच्या दुप्पट मोठ्याने वाजते, हा समज चुकीचा आहे. फरक फक्त 3 डेसिबलचा पडतो. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी ताकद सुमारे दहापट लागते. त्यामुळे खोलीत वाजवणाऱ्याला 100 वॉटची व्हॉल्व्हची पेटी विकणे म्हणजे त्याला आवाजाची खरी मजा कधीच मिळू न देणे. अशा गिऱ्हाईकाला कमी वॉटची किंवा ताकद कमी करण्याचे बटण असलेली पेटी दाखवावी. बजेट थोडे असेल तर डिजिटल मॉडेलिंगची पेटी सोयीची. लाइन 6 कंपनीने 1996 मध्ये हा प्रकार बाजारात आणला. आता त्यात पुष्कळ सुधारणा झाली आहे, व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्चही नाही.

दुरुस्ती कारागिरांसाठी

ज्यांचा हात जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर बसलेला आहे, त्यांना हे काम परके नाही. मात्र तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : आतील कंडेन्सरमध्ये 400 व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो शिल्लक राहू शकतो. रेझिस्टरमधून तो उतरवून, मीटरने शून्य पाहूनच हात घालावा. यात जीव जाऊ शकतो.

दुसरी : व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ओहमचा मेळही पाहावा. 16 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 8 ओहम होतात, तेव्हा तार 8 च्या खाचेतच गेली पाहिजे.

तिसरी : अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेली पेटी 120 व्होल्टची असते. आपल्या 230 व्होल्टला थेट लावली तर नुकसान ठरलेलेच. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावावा आणि तो पेटीच्या मागे लिहिलेल्या वीजवापरापेक्षा मोठा घ्यावा, कारण 100 वॉटचा आवाज देणारी पेटी मेनमधून त्याहून बरीच जास्त वीज ओढते.

विक्रेत्याने गिऱ्हाईकाला माल दाखवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : कुठे वाजवणार, कोणाबरोबर वाजवणार आणि दुरुस्ती कुठे करणार? उत्तरे ऐकून स्वस्त पेटी योग्य वाटली, तर तीच सुचवावी. त्या दिवशी नफा थोडा कमी होईल, पण बँडमधले बाकीचे चौघेही त्याच दुकानाची पायरी चढतील.