खुर्चीच्या चाकात काय काय सापडतं?

गळीत हंगामात ढोकीच्या हवेत काजळी असते. तेरणा साखर कारखान्याच्या गावाला ती नवी नाही. दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसते तशीच ती उघड्या खिडकीतून कार्यालयातल्या खुर्चीवरही बसते. सदरा आपण लगेच धुतो. खुर्चीकडे मात्र ती कुरकुरायला लागेपर्यंत कुणी बघत नाही.

शेजारच्या तेरच्या संत गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. थापटणं मारून त्यांनी कच्चं कोण, पक्कं कोण ते सांगितलं. खुर्चीचीही परीक्षा तशीच घ्या. उन्हाच्या तिरिपेत बैठकीवर एक थाप मारा आणि किती धूळ उडते ते बघा. मग आधी कोरडा ब्रश फिरवा, ओलं फडकं नंतर. उलटं केलंत तर काजळी कापडात मुरते आणि डाग कायमचा राहतो.

पाणी फार लागत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ गाडी ढोकीवरूनच जाणाऱ्या कुर्डुवाडी–लातूर मार्गानं धावली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे 5 लाख लिटर. पाण्याचं मोल इथं कुणाला सांगायला नको. एका खुर्चीला तांब्याभर कोमट पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण पुरतो. फडकं घट्ट पिळून घ्यायचं, कारण फोममध्ये पाणी शिरलं की वास धरतो.

आता चाकं. खरी गंमत तिथंच आहे. चार्ल्स डार्विननं आपल्या अभ्यासिकेतल्या खुर्चीला चाकं लावून घेतली होती, नमुन्यांपाशी झटकन सरकता यावं म्हणून. आपली खुर्ची उलटी करा आणि एक चाक सरळ ओढा. बहुतेक चाकं नुसती दाबून बसवलेली असतात, पाना लागत नाही. आसाभोवती केसांचा घट्ट पीळ, गोणपाटाचा दोरा, स्टेपलरची पिन आणि या सगळ्याला लिंपलेली काळी माती निघेल. बुटांच्या तळव्याला चिकटून शेतातली माती इथवर आलेली असते. ब्लेडनं पीळ कापा, चिमट्यानं ओढा, कोरड्या ब्रशनं झाडा. तेल मात्र घालू नका, त्यावर माती दुप्पट चिकटते. शहाबादी फरशीवर कडक नायलॉनची चाकं खडखडतात. मऊ पॉलियुरेथेनची बसवली तर आवाजही जातो आणि फरशीवर ओरखडेही उठत नाहीत.

पाय पाचच का? तेवढ्याच लांबीचे चार पाय असण्यापेक्षा पाच असले, तर कलंडण्याची कड मध्यापासून सुमारे 14 टक्के लांब जाते. म्हणून एक पाय तडकला की ‘चार आहेत ना’ म्हणत बसू नका.

साहेबांच्या खुर्चीवरचा टॉवेल मानाची खूण समजला जातो. मला तो उपयोगाचा वाटतो. डोक्याचं खोबरेल आणि पाठीचा घाम तो पितो, आणि त्याला धुता येतं. टॉवेलाखाली असतं ते रेक्झिन. हे मुळात इंग्लंडमधल्या हाइड गावच्या कंपनीचं व्यापारी नाव. आज त्या नावाखाली बहुधा पीव्हीसी किंवा पीयू मिळतं. तेलानं पीव्हीसीतला मऊपणा निघून जातो, ते कडक होऊन तडकतं. पीयूची दमटपणानं आणि घामानं पापुद्रे निघून वाट लागते. करोनाच्या काळात माझ्या माहितीतल्या एका कार्यालयात खुर्च्या रोज सॅनिटायझरनं पुसल्या. वर्षभरात खुर्च्यांच्या हातांवरचं रेक्झिन सोलून निघालं. स्पिरिट रेक्झिनला लावूच नये.

कुरकुर आली की हात डब्ल्यूडी-40 कडे जातो. 1953 मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोत पाणी हटवण्यासाठी केलेलं हे 40 वं मिश्रण, म्हणून हे नाव. गंज सोडवायला ते झकास, पण जुनं वंगणही ते धुऊन नेतं. म्हणून फवारा, पुसा आणि मग सांध्यावर नखभर ग्रीस लावा. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नटबोल्टही त्याच वेळी आवळून घ्या. निम्मी कुरकुर तिथंच थांबते.

बसल्या बसल्या खुर्ची खाली जायला लागली तर मधल्या नळकांड्याचं सील गेलेलं असतं. आत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. त्याला भोक पाडायचं नाही, तापवायचं नाही, हातोड्यानं ठेचायचंही नाही. तेवढा सिलिंडर बदलून मिळतो, अख्खी खुर्ची भंगारात घालायची गरज नसते.

आज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी आपली खुर्ची उलटी करा आणि निदान एक चाक काढून बघाच.