बिबिमबाप : भात थोडा, भाज्या भरपूर

दूरचित्रवाणी आणि मोबाईलवरील कोरियन मालिकांमुळे त्या देशाचे खाणेपिणे आता आपल्या मुलामुलींच्या चांगले ओळखीचे झाले आहे. कोरियन चवीच्या शेवयांची पाकिटे लहान गावांतील दुकानांतही मिळू लागली आहेत. या पाकिटांत मैदा, तेल व मीठ भरपूर, आणि भाजी नावापुरती. मुलांना कोरियन पदार्थच हवा असेल तर त्या देशाचा खरा घरगुती पदार्थ करून घालणे केव्हाही चांगले. तो म्हणजे बिबिमबाप.

कोरियन भाषेत ‘बिबिम’ म्हणजे कालवलेला आणि ‘बाप’ म्हणजे भात. खोलगट वाडग्यात गरम भात, त्यावर वेगवेगळ्या शिजवलेल्या भाज्यांचे लहान लहान ढीग, मध्यभागी अंडे किंवा थोडे मांस, आणि वर लाल मिरचीची आंबवलेली चटणी, अशी त्याची मांडणी असते. खाण्यापूर्वी सर्व चमच्याने नीट कालवायचे. दक्षिण कोरियातील जॉन्जू हे शहर या पदार्थासाठी विशेष प्रसिद्ध आहे. ‘युनेस्को’ने २०१२ साली या शहराला खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान्यता दिली. गरम दगडी वाडग्यात वाढलेल्या प्रकाराला दोल्सोत बिबिमबाप म्हणतात. त्यात तळाचा भात खरपूस होतो. पांढरा, काळा, हिरवा, तांबडा व पिवळा असे पाच रंग ताटात असावेत, असा तेथील जुना संकेत आहे.

आरोग्याच्या दृष्टीने गुण कोणता?

आपल्याकडे पुष्कळ घरांत ताटातला भात डोंगराएवढा आणि भाजी चिमूटभर असते. पोट भरते, पण प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे व चोथा यांची उणीव राहते. स्त्रियांमधील रक्तक्षय आणि वाढत्या वयातील मधुमेह, या दोन्ही तक्रारींत अशा आहाराचा वाटा असतो. बिबिमबापमध्ये हे प्रमाण उलटे करता येते. एक भाग भात आणि दोन भाग भाज्या, हे सूत्र लक्षात ठेवावे.

यातील काही रीती शास्त्रालाही धरून आहेत. कोरियन गृहिणी पालक उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून काढते व पिळून घेते. त्यामुळे पालकातील ऑक्झलेटचा बराचसा भाग पाण्याबरोबर निघून जातो. मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांना याचा फायदा होतो. गाजर व पालक यांतील कॅरोटीन (ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते) स्निग्ध पदार्थाबरोबर चांगले शोषले जाते. भाज्यांवर घातलेले चमचाभर तीळतेल ते काम करते. पालकातील लोह मात्र शरीरात सहज शोषले जात नाही. त्यासाठी वर लिंबू पिळावे.

साहित्य (चार माणसांसाठी)

इंद्रायणी तांदूळ दीड वाटी, पालकाची एक जुडी, मोड आलेले मूग एक वाटी, गाजरे दोन, काकडी एक, कोवळा दुधी पाव किलो, अंडी चार (किंवा पनीर अथवा टोफू २०० ग्रॅम), भाजलेले तीळ चार लहान चमचे, तेल पाच-सहा लहान चमचे, लिंबू, चवीपुरते मीठ.

कोरियन तांदूळ आखूड व चिकट असतो. आपला इंद्रायणी त्याला जवळचा आहे. बासमती या कामाचा नाही. कालवल्यावर त्याचे शीत सुटे राहते. मोड आलेले मूग कोरियातही वापरतात, पण तेथील मोड बोटभर लांब असतात. दुकानात आळंबी मिळाल्यास दुध्याऐवजी ती घ्यावी.

चटणी

मूळ चटणीचे नाव गोचुजांग. लाल मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेले सोयाबीन व मीठ यांची ती बनते आणि कित्येक महिने मुरवली जाते. मोठ्या शहरांत तिची डबी मिळते. घरी जवळपास तशी चव आणण्यासाठी सहा-सात ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात. चार लसूण पाकळ्या, दोन लहान चमचे गूळ, दोन लहान चमचे सोया सॉस व एक लहान चमचा व्हिनेगर घालून बारीक वाटावे. लहान चमचाभर तांदळाचे पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून त्यात मिसळावे व मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळावे. सोया सॉसमध्ये मीठ असते, म्हणून वेगळे घालू नये.

कृती

१. भात नेहमीसारखा, किंचित मऊ शिजवावा.

२. पालक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाकावा. पिळून, चिरून, थोडे तेल व तीळ लावून ठेवावा.

३. मोड आलेले मूग पाच मिनिटे वाफवावेत. मोड पावसाळी हवेत लवकर दूषित होतात. ते कच्चे खाऊ नयेत.

४. गाजर व दुधी यांच्या काड्या चिरून, चमचा-चमचा तेलावर वेगवेगळ्या परताव्यात. किंचित करकरीत राहिल्या पाहिजेत.

५. काकडीच्या चकत्यांना चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी पाणी पिळून टाकावे.

६. अंडे तव्यावर फोडून दोन्ही बाजूंनी पक्के शिजवावे. कोरियात काही ठिकाणी कच्चा बलक घालतात. आपण ते करू नये. लहान मुले, गर्भवती व वृद्ध यांना तर मुळीच देऊ नये.

७. वाडग्यात भात, त्यावर भाज्यांचे ढीग, मध्ये अंडे, बाजूला लहान चमचाभर चटणी आणि वर कुटलेले तीळ. लिंबू पिळून कालवावे व गरम असतानाच खावे.

भाज्या वेगवेगळ्या शिजवण्याचा खटाटोप कशाला, असे वाटेल. परंतु प्रत्येक भाजी शिजण्याचा वेळ निराळा असतो. एकत्र शिजवल्यास एक कच्ची राहते व दुसरीचा गाळ होतो.

शाकाहारी मंडळींनी अंड्याऐवजी पनीर किंवा टोफू घ्यावा. टोफू कोरियातही रोजच्या जेवणातला आहे. तेथील बौद्ध मठांत मांस आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. तेव्हा चातुर्मासात लसूण वगळून हा पदार्थ केला तरी तो कोरियनच राहतो. या मापाने एका वाडग्यात साधारण ४०० ते ४५० उष्मांक आणि सुमारे १५ ग्रॅम प्रथिने मिळतात.

कोणी काय जपावे?

मधुमेह : चिकट भात लवकर पचतो व रक्तातील साखर झपाट्याने वाढवतो. भात निम्मा करून मोड व भाज्या वाढवाव्यात. कोरियात जव घातलेला भातही भाज्यांबरोबर कालवून खातात. निम्मे जव रात्रभर भिजवून तांदळात मिसळता येतात. चटणीत गूळ घालू नये.

रक्तदाब : प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते. म्हणून वरून सॉस ओतू नये. कोरियात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे, आणि त्याच्या कारणांत एका जिवाणूच्या संसर्गाबरोबर खारवलेल्या पदार्थांचे अति सेवन हेही धरले जाते. भाज्यांची रीत घ्यावी, मिठाची घेऊ नये.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रक्त पातळ ठेवण्यासाठी वारफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शिळ्या भाताविषयी

उरलेला भात संपवण्याचा हा सोपा उपाय आहे खरा, पण रात्रभर ओट्यावर राहिलेला भात यासाठी घेऊ नये. तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जिवाणूची बीजे असतात. ती शिजवल्यानेही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला की ती वाढतात व विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने वा फोडणी दिल्याने नाहीसे होत नाही. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. उरलेला भात पसरट ताटात लवकर गार करून तासाभरात शीतकपाटात ठेवावा व दुसऱ्या दिवशी चांगला वाफाळेपर्यंत गरम करून संपवावा. शीतकपाट नसेल तर भात मोजकाच लावावा.

भाज्यांची नावे बदलली तरी चालतील. मेथी, तांदुळजा, कोबी, लाल भोपळा, हंगामात जे स्वस्त व ताजे मिळेल ते घ्यावे. वाडग्यात भातापेक्षा भाजी जास्त दिसली पाहिजे, एवढे पथ्य पाळले की झाले.