लिचीला हवी थंडी आणि ओलावाही

नवी दिल्ली – मे महिन्याचा उत्तरार्ध सुरू झाला की बिहारमधील मुझफ्फरपूरची लिची सुमारे एक हजार किलोमीटरचा प्रवास करून दिल्लीच्या आझादपूर बाजारात दाखल होते. आंब्याप्रमाणे हे फळ काढणीनंतर आढीत पिकत नाही. ते झाडावरच पिकलेले असावे लागते आणि उतरविल्यानंतर दोन-तीन दिवसांतच त्याची लाल साल तपकिरी पडू लागते. मग दिल्ली आणि परिसरातच लिचीच्या बागा का लावू नयेत, असा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. कोकणातील बागायतदारांनाही हाच प्रश्न पडतो.

या दोन्ही ठिकाणी लिचीचे झाड जगते. मात्र फळांच्या बाबतीत दोन्हीकडे बहुधा निराशा पदरी येते आणि त्याची कारणे परस्परांच्या अगदी उलट आहेत. दिल्लीत थंडी आहे, पण उन्हाळ्यात हवेत ओलावा नाही. कोकणात ओलावा आहे, पण पुरेशी थंडी नाही. लिचीला दोन्हींची गरज असते.

रिठ्याच्या कुळातील वृक्ष

लिची हा रिठ्याच्या कुळातील सदाहरित वृक्ष. दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनाम हे त्याचे मूळ स्थान. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशामार्गे तो पूर्व भारतात आला आणि गंगेच्या खोऱ्यात रुजला. आज लिचीच्या उत्पादनात चीननंतर भारताचा क्रमांक लागतो. देशात बिहार आघाडीवर असून पश्चिम बंगाल, झारखंड, आसाम, उत्तराखंड आणि पंजाबमध्येही हे पीक घेतले जाते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००१ मध्ये मुझफ्फरपूरजवळ मुशहरी येथे राष्ट्रीय लिची संशोधन केंद्र स्थापन केले. बिहारच्या ‘शाही’ लिचीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मोहोराचे गणित

लिचीच्या मूळ प्रदेशात उन्हाळा उष्ण व दमट, तर हिवाळा थंड व कोरडा असतो. झाडाचे वार्षिक चक्र याच ऋतुमानाशी जुळलेले आहे. पावसाळ्यात नवी पालवी येते, शरद ऋतूत ती पक्व होते आणि वाढ थांबते. अशा विश्रांती घेणाऱ्या फांद्यांना काही आठवडे साधारण २० अंश सेल्सियसहून कमी तापमान मिळाले, तर टोकांवरील डोळ्यांतून मोहोर बाहेर पडतो. ते न मिळाल्यास त्याच डोळ्यांतून पुन्हा पालवी फुटते. झाड हिरवेगार दिसते, पण त्या वर्षीचे फळ हातचे गेलेले असते.

संत्र्याच्या बागेला बहरासाठी पाण्याचा ताण देण्याची पद्धत विदर्भातील शेतकऱ्यांना परिचित आहे. लिचीलाही असाच ताण लागतो. म्हणूनच फळावर आलेल्या झाडांचे पाणी नोव्हेंबरपासून फळधारणेपर्यंत बंद ठेवण्याची शिफारस केली जाते. मात्र हा ताण थंडीला साथ देतो, तिची जागा घेऊ शकत नाही.

दिल्लीत फळे तडकतात

दिल्लीत जानेवारीतील किमान तापमान सरासरी सात-आठ अंशांच्या आसपास असते. त्यामुळे मोहोर येण्यास अडचण नाही. संकट येते ते एप्रिल-मे महिन्यांत. याच काळात फळ भरत असते आणि पश्चिमेकडून ‘लू’ म्हणजे कोरडे, तप्त वारे वाहू लागतात. तापमान ३८ अंशांच्या वर आणि हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली गेली की फळे तडकण्याचे प्रमाण वाढते. उन्हाने साल करपून कडक होते. त्यानंतर एकदम भरपूर पाणी दिल्यास किंवा वळवाचा पाऊस झाल्यास आतील गर वेगाने फुगतो आणि साल फाटते. २९ मे २०२४ रोजी दिल्लीत सफदरजंग येथे ४६.८ अंश तापमानाची नोंद झाली होती. लिचीच्या ऐन हंगामातील अशी उष्णता फळांना मारक ठरते.

राजधानी परिसरातील जमीन बहुतांशी विम्लधर्मी आहे आणि काही भागांतील भूजल खारे आहे. लिचीला किंचित आम्लधर्मी, सेंद्रिय द्रव्यांनी युक्त आणि ओल धरणारी जमीन मानवते. खाऱ्या पाण्याने पानांच्या कडा करपतात. दिल्लीहून सुमारे अडीचशे किलोमीटरवरील डेहराडून मात्र हिमालयाच्या पायथ्याशी असल्याने तेथे हवा तुलनेने सौम्य असते आणि तेथील लिची प्रसिद्ध आहे.

कोकणात पालवीच फुटते

दमट उष्ण कटिबंधात नेमके उलटे घडते. रत्नागिरीत जानेवारीतही दुपारचे तापमान ३० अंशांच्या घरात असते. झाडाला विश्रांतीचा संकेतच मिळत नाही आणि पालवीमागून पालवी येत राहते. उत्तर कोकणात हिवाळ्यातील रात्री अधिक गार असतात. डहाणू-घोलवड परिसरातील चिकूच्या बागांमधून लिचीची फळणारी झाडे आढळतात, ती यामुळेच.

उष्ण प्रदेशांत यावर दोन मार्ग शोधले गेले. पहिला उंचीचा. कर्नाटकातील कोडगू आणि केरळमधील वायनाड येथे डोंगराळ भागामुळे हवा थंड राहते आणि तेथील लिची उत्तर भारतातील हंगाम नसताना, डिसेंबरच्या सुमारास तयार होते. दुसरा मार्ग वाणाचा. थायलंडमध्ये उत्तरेकडील थंड भागात एका प्रकारचे, तर मध्य भागातील समुत सोंगख्राम या सखल, दमट प्रांतात कमी थंडीवर मोहोरणारे वाण लावले जातात. तेथेही हिवाळा सौम्य गेल्यास पीक कमी येते.

लागवड करताना

बियांपासून वाढविलेल्या झाडास फळ येण्यास दहा वर्षेही लागू शकतात आणि ते मूळ झाडासारखे असेलच असे नाही. गुटी कलम चार-पाच वर्षांत फळू लागते. एक मीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात शेणखताबरोबर जुन्या लिचीच्या झाडाखालील काही टोपल्या माती घालावी. तीतील उपकारक बुरशी मुळांना अन्नद्रव्ये मिळवून देते. दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर असावे.

दिल्ली परिसरात पश्चिमेस उंच झाडांचा आडोसा, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन आणि फळधारणेनंतर थोडे पण नियमित पाणी, ही त्रिसूत्री उपयुक्त ठरते. कोवळ्या रोपांचे हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीपासून संरक्षण करावे. मोहोराच्या काळात कीटकनाशके फवारू नयेत, कारण परागीभवन मुख्यत्वे मधमाश्यांवर अवलंबून असते.

परसात एखादे झाड हौसेने लावण्यास हरकत नाही. परंतु व्यापारी लागवडीचा विचार करणाऱ्याने रोपवाटिकेतील हिरव्यागार कलमावर विसंबू नये. आपल्या गावातील जानेवारीच्या रात्री किती गार असतात आणि मे महिन्याची दुपार किती कोरडी असते, हे आधी पाहावे. कलम फळू लागेपर्यंतची चार-पाच वर्षे आणि तोवर गुंतलेली जमीन यांचा हिशेब या दोन गोष्टींवरच ठरतो.