राजाचा कायदा, प्रजेची प्रार्थना

आठव्या हेन्रीला पहिल्या राणीशी झालेला विवाह रद्द करून हवा होता, पोपने नकार दिला, म्हणून इंग्लंड प्रॉटेस्टंट झाले, असे आपण शाळेत शिकलो. ते अर्धेच खरे. १५३४च्या कायद्याने हेन्री चर्चचा प्रमुख झाला, मठांच्या जमिनीही त्याने घेतल्या. पण उपासना लॅटिनमध्येच राहिली.

ती इंग्रजीत आली त्याच्या मुलाच्या राज्यात, १५४९ साली, आर्चबिशप क्रॅनमरच्या प्रार्थनापुस्तकाने. त्याच वर्षी कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये बंड पेटले. कॉर्नवॉलमधल्या कित्येकांना इंग्रजी येतच नव्हते. त्यांना जुनी लॅटिन उपासनाच हवी होती. हजारो माणसे मारली गेली. पुढे राणी मेरीने कॅथलिक पंथ परत आणला आणि १५५६ साली क्रॅनमरला जिवंत जाळले. १५५९मध्ये एलिझाबेथने क्रॅनमरचेच पुस्तक थोड्या फेरफाराने पुन्हा सुरू केले. त्या शब्दांवर पिढ्या वाढल्या, तेव्हा कुठे नवा पंथ रुजला.

मी नमाज अरबीत पढतो आणि कविता मराठीत लिहितो. म्हणून मला दोघेही जवळचे वाटतात : देवाशी आपल्या बोलीत बोलू पाहणारा क्रॅनमर आणि न कळणाऱ्या लॅटिनवर जीव जडलेला कॉर्नवॉलचा शेतकरी. कायदा एका दिवसात होतो. प्रार्थना ओठांवर बसायला पिढ्या लागतात.